‘अकरावी ड’, गिरणगाव १९८२ : रंजनाला कुठली भूमिका द्याल? (गप्पांचा धागा; मधले मथळे ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

चौथा बाक

कल्पित कास्टिंगसाठी, म्हणजे जुने नट मनातल्या नव्या गोष्टीत बसवून बघण्याच्या खेळासाठी, एक मालिका कागदावर उभी केली आहे. नाव ‘अकरावी ड’, आठ भाग, काळ जून १९८२ ते जून १९८३, जागा लालबाग-परळ. गिरण्यांचा संप लागून पाच महिने झालेत, दहावीचा निकाल लागलाय आणि चाळीतली चार पोरं पहिल्यांदाच गणवेश न घालता कॉलेजला निघालीत. नियम असा की नट कारकिर्दीतल्या कुठल्याही वर्षातून उचलता येतो, पण एकदा उचलला की चेहरा, आवाज, अंगकाठी सगळं त्याच वर्षाचं.

नायिका मराठी चित्रपटांतली रंजना (देशमुख). यात तडजोड नाही. नायक म्हणून अशोक सराफ लिहिलाय, कारण जोडी जमलेली. आता प्रश्न. कुठल्या वर्षाची रंजना घ्यावी? सोळा वर्षांच्या मुलीची नेमकी कुठली भूमिका तिला शोभेल? आणि सोबत एक लुक बोर्ड (पात्र कसं दिसेल ते दाखवणारा फोटोंचा फलक) नि ९० सेकंदांचा ट्रेलर करायचाय. यूट्यूबवरच्या क्लिपा जोडून पाहिल्या तर चेहरा पसरट दिसतो, रंग गुलाबी येतो आणि आवाज चिरका लागतो. हे कसं सुधारायचं?

तिसरी घंटा

आधी वयाचा हिशेब मांडा. रंजनाचा जन्म १९५५ चा. ‘चानी’ १९७७, ‘सुशीला’ १९७८, ‘अरे संसार संसार’ १९८१, ‘गुपचूप गुपचूप’ १९८३, ‘मुंबईचा फौजदार’ आणि ‘बिनकामाचा नवरा’ १९८४. तुमची गोष्ट ज्या साली घडते त्या सालची रंजना सत्तावीस-अठ्ठावीसची. तिला बाकावर बसवलंत तर वर्गात दोन मास्तरणी दिसतील. ‘अरे संसार संसार’मध्ये तिने म्हातारपणापर्यंतचा प्रवास केलाय, पण वय चढवणं मेकअपवाल्याला जमतं, उतरवणं फार कमी वेळा. तेव्हा १९७७, फार तर १९७८. बावीसची मुलगी सोळाची खपून जाते, अट एवढीच की चालणं हलकं हवं.

आता ‘चानी’ची गोम. त्यात तिचे केस सोनेरी आहेत आणि डोळे घारे, कारण कोकणात घडणाऱ्या त्या कथेचा सगळा डाव त्या रंगावरच आहे. लुक बोर्डवर तो फोटो लावलात तर बघणारा थेट कोकणात पोचतो, लालबागला येतच नाही. म्हणून ‘चानी’तून फक्त अंग घ्या: धावणं, मान झटकन वळवणं, खांदे चोरून उभं राहणं. केस, कपाळ आणि साधा चेहरा ‘सुशीला’तून. एका वर्षाचा फरक पडतो, नियम फारसा मोडत नाही. ‘सुशीला’त ती शाळेतली बाई आहे, त्यामुळे साडीतले फोटो टाळून गळ्यापर्यंतचेच निवडा.

बोर्डवर सहा फोटो पुरे: दोन समोरून, एक बाजूने, एक पूर्ण उंचीचा, एक हात कामात गुंतलेले, एक चिडलेला. गाण्यातला फोटो एकही नको. त्या काळी गाण्यासाठी काजळाची रेघ कानाकडे ओढत आणि पॅनकेक मेकअप जाड लावत. तो चेहरा सोळाचा कधीच दिसत नाही, झाकपाक करायला गेलात तर आणखी मोठा दिसतो. वय ओळखू येतं ते मान आणि हातांच्या पाठीवरून, म्हणून कामातल्या हातांचा फोटो उजेडातला घ्या.

भूमिकेबद्दल माझं मत ठाम आहे. तिला कॉलेजची राणी करू नका आणि खिडकीत बसून पावसाकडे बघणारी तर मुळीच नको. रंजना रंगते ती वाक्याच्या वेगात. एका दमात चार गोष्टी बोलून पाचवीला अचानक थांबायचं आणि समोरच्याकडे बघायचं, हे तिचं हुकमी काम. आजच्या किशोरवयीन मालिकांत अर्धा भाग नुसत्या नजरानजरीत जातो; तिथे ती बिनकामाची वाटेल. तिला खाणावळवालीची मुलगी करा. गिरणगावात घर सोडून आलेल्या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायकाच चालवत. याच बायकांची संघटना म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, म्हणजे तुमच्या काळात ते आजूबाजूला आहेच. संप लागला, पगार थांबला, मेंबर जेवतायत पण पैसे देत नाहीत. हिशेबाची वही मुलीकडे. वीस मेंबरांची थकबाकी ती न बघता घडाघडा म्हणून दाखवते आणि एकविसाव्या नावाला अडखळते, कारण ते तिच्याच वर्गातल्या मुलाच्या बापाचं आहे. बघा, एका प्रसंगात तिचा वेगही वापरला गेला आणि थांबणंही.

बोली दोन ठेवा. घरात सातारी, वर्गात पुस्तकी, आणि भांडणात दोन्हीची भेसळ. गावाकडची मुलगी मुंबईत कशी वावरते याचा नमुना ‘मुंबईचा फौजदार’मध्ये आहे, तो बोलीसाठी ऐका. वय म्हणून उचलू नका.

अशोक सराफचा जन्म १९४७ चा. १९७७ मध्ये तो तिशीत. सोळाच्या मुलीसमोर प्रियकर म्हणून उभा केलात तर पालकसभा वाटेल. प्राध्यापकही नको, लोकांना लगेच ‘गुपचूप गुपचूप’मधला प्रोफेसर धोंड आठवेल. ग्रंथालयातला शिपाई करा, जो पुस्तक देण्याआधी त्याचा शेवट सांगून टाकतो. मुलगा हवाच असेल तर सचिन, ‘गीत गाता चल’च्या १९७५ मधला. जन्म १९५७, म्हणजे खराखुरा अठरा. फक्त तो आवाज हिंदीतला आहे, मराठीसाठी ‘अष्टविनायक’कडे म्हणजे १९७९ कडे जावं लागतं, आणि तिथे नियम आडवा येतो. त्याला कमी बोलका मुलगा करा, प्रश्न मिटला. थकबाकीदारांत निळू फुले हवेतच. मात्र मिशीला पीळ देणारे नकोत. मान खाली घालून ताट पुढे करणारे निळू फुले.

पाटी-पेन्सिल

१९५५ ला जन्मलेलीच हवी असेल तर स्मिता पाटील का नको? जन्मसाल तेच, आणि १९७७ मध्ये तिच्याकडे ‘जैत रे जैत’ही आहे, ‘भूमिका’ही. ‘भूमिका’त तर पोरवयापासून प्रौढपणापर्यंतचा पल्ला आहे. शिवाय त्यात भूतकाळ कृष्णधवल आणि वर्तमान रंगीत अशी विभागणी आहे, ती युक्ती ट्रेलरला आयती मिळते.

तिसरी घंटा

युक्ती जरूर उचला. पण चार मुलांच्या गोष्टीत स्मिता पाटील बसवलीत की कॅमेरा बाकी तिघांकडे जायचाच नाही. ती गप्प बसली तरी प्रसंग तिचा होतो. रंजना समोरच्याच्या वाक्यावर उभी राहून खेळते, त्यामुळे समोरचाही वर येतो. गटाच्या मालिकेला रंजनाच सोयीची. आणि संपकऱ्याच्या घरातली स्मिता पाटील कुणीही सुचवेल, त्यात डोकं काय लागलं!

रीळ नंबर सात

तांत्रिक भाग मी घेतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.

पसरट चेहरा: मूळ चित्र ४:३ चं, कुणीतरी ते ताणून १६:९ मध्ये भरलंय. रुंदी तेहतीस टक्के वाढली. एडिटिंगमध्ये उंचीला हात न लावता रुंदी ७५ टक्क्यांवर आणा, दोन बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ देत. बरोबर झालं का हे चेहऱ्यावरून ठरवू नका, डोळा फसतो. फ्रेममध्ये गोल वस्तू शोधा. समोरून दिसणारी सायकलची चाकं, भिंतीवरचं घड्याळ, ताट. पडद्यावर पट्टी लावून आडवं-उभं मोजा, सारखं आलं की झालं. हातातली बांगडी नको, ती तिरकी असते आणि लंबगोलच दिसते.

पण त्याआधी एक काम. जुन्या टीव्ही किंवा डीव्हीडीवरून आलेल्या क्लिपमध्ये हात हलला की कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते दाते आधी काढा, म्हणजे डीइंटरलेस करा, आणि मगच आकार बदला. उलट केलंत तर दाते चित्रात मिसळून जातात नि मग कुठल्याही फिल्टरला सापडत नाहीत. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

गुलाबी रंग: त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंगथर सगळ्यात आधी विटतो, म्हणून उरतं ते गुलाबी-लालसर. व्हाइट बॅलन्स ओढून भागत नाही, कारण रंग सगळीकडे सारखा विटलेला नसतो. आधी काळे भाग बघा. रंजनाचे केस काळ्याऐवजी तपकिरी-लाल दिसतायत ना? फक्त सावल्यांमधला लाल कमी करा, केस काळे होईपर्यंत. मग मधल्या छटांत थोडा सायन, म्हणजे तो निळसर-हिरवा. त्वचेला शेवटी, आणि अगदी थोडं. त्वचेपासून सुरुवात केलीत तर माणसं हिरवी पडतात. जिथे प्रिंट इतकी विटलीय की केसच सापडत नाहीत, तो शॉट कृष्णधवल करून टाका. वर सांगितलेली ‘भूमिका’वाली विभागणी अशा वेळी अब्रू राखते.

चिरका आवाज: चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचा टीव्ही आणि व्हीसीडी २५ चा. ती पळवली की सगळं चार टक्के जलद होतं आणि स्वर अर्ध्या सुराहून जरा कमी चढतो. क्लिपचा वेग ९६ टक्के करा. मात्र स्वर कायम ठेवण्याची खूण आधी काढा, ती राहिली तर वेग उतरेल आणि चिरकेपणा तसाच राहील. खात्री करायची तर त्याच चित्रपटातलं गाणं तबकडीवरच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहा. हार्मोनियमवर दोन्हींचा षड्ज लावा, लगेच कळतं.

दुसरी गोष्ट, हे सगळे संवाद स्टुडिओत डब केलेले. त्यात आजूबाजूच्या जागेचा आवाज नसतो. दोन चित्रपटांतले संवाद शेजारी ठेवले की सांधा ऐकू येतो. खालून सबंध ९० सेकंदांचा एकच वातावरणाचा आवाज सोडा: नळ, भांडी, लांबची लोकल. अगदी बारीक, उणे तीस डेसिबलच्या आसपास. शॉट कापला की हाही कापायचा, असं करू नका. तो अखंड वाहिला तरच सांधे बुजतात.

ट्रेलरमध्ये २८ ते ३० शॉट बसतील. त्यांतले निदान दहा ‘ऐकणारे’ घ्या, म्हणजे बोलतोय दुसरा आणि चेहरा तिचा. तिथे नवीन गोष्ट घुसवता येते. स्पष्टता वाढवणारी एआय साधनं दुपटीच्या पलीकडे नेऊ नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ असतं; ते चौपट केलं की त्वचा मेणाची होते आणि सगळ्यांना एकच दंतपंक्ती येते. दुप्पट करा आणि वरून थोडी ग्रेन (जुन्या फिल्मवर दिसतात तसे बारीक कण) टाका.

गॅलरीतून

काळाच्या चुका आत्ताच निस्तरा, नंतर प्रत्येक फ्रेम बदलावी लागते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हॉटेलच्या फळ्यावरचं ₹ हे चिन्ह. ते २०१० मध्ये आलं. फळ्यावर ‘रु.’ लिहा, पैसे वेगळे लिहा. गाड्यांच्या पाटीवर एमएच नको, ती पद्धत १९८९ ची. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. लोकल पांढरी-जांभळी नको, ती २००७ नंतरची. मागे टॉवर दिसला तर संपलंच, गिरण्यांच्या जमिनीवरची बांधकामं १९९१ च्या नियमांनंतरची. मागे चिमणी हवी, आणि ती धूर न ओकणारी हवी. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर.

म्हणूनच भोंगा. गिरणगाव म्हटलं की प्रत्येक जण पहिल्याच सेकंदाला भोंगा टाकतो. तुमच्या गोष्टीत जून ८२ ला तो वाजला तर कुणाला कामावर बोलावतोय? पहिले भाग भोंग्याविना ठेवा, पात्रांना वेळ विचारायला लावा. पुढे काही गिरण्या थोड्या माणसांवर चालू व्हायला लागल्या तेव्हा एकदाच वाजवा. सकाळी, खाणावळीत, सगळे ताटावर बसलेले असताना. कोण उठतं ते दाखवलं की पुढचा संवाद लिहायचीही गरज नाही.

कपडे: ‘रेट्रो’ म्हणून बेलबॉटम घालू नका, ८२ मध्ये त्यांची हवा ओसरली होती. मात्र संपकऱ्याच्या मुलाला थोरल्या भावाची जुनी बेलबॉटम मिळालीय आणि तो ती सुईदोऱ्याने अरुंद करतोय, हे चालेल. मुलीला दोन वेण्या-रिबिनी शाळेतच सोडायला सांगा. कॉलेजला एक वेणी, तेल लावलेली. कपाळावर ओलं गंध. संध्याकाळच्या प्रसंगात ते थोडं पुसलेलं हवं, सकाळसारखं टवटवीत राहत नाही. कापड टेरिकॉटचं, त्याला चुरगळ्या कमी पडतात. आजचं सुती कापड लगेच चुरगळतं आणि गरिबी खोटी दिसते. वह्यांना तपकिरी कागद, बोटाला शाई.

तुमच्या आठ भागांत १८ ऑगस्ट १९८२ येतोच: पोलिसांचं आंदोलन, शहरात लष्कर आणि लागलीच मागोमाग गणपती. एक सबंध भाग यात बसतो. वर्गणीची वही आणि खाणावळीची वही एकाच मुलीच्या हातात द्या.

पाट्यांची अक्षरं रंगाऱ्याच्या कुंचल्याची. ट्रेलरचं नाव संगणकातल्या मंगल फाँटमध्ये आलं तर वर केलेली सगळी मेहनत पाण्यात. ‘ड’ची गाठ हाताने काढून स्कॅन करा.

आणि मुंबईच. इंग्रजी पाट्यांवर १९९५ पर्यंत बॉम्बे, पण चाळीतलं कुणी मराठीत ‘बॉम्बे’ म्हणत नव्हतं. स्टेशनला व्हीटी किंवा बोरीबंदर.

चौथा बाक

खाणावळीची वही घेतली, सराफ ग्रंथालयात गेले. वर्ल्ड कपच्या रात्रीवर, २५ जून १९८३ ला, शेवट करावा असं डोक्यात आहे. एकच अडचण उरली: थकबाकी म्हणून दाखवण्याचा प्रसंग तिच्या तोंडी कसा घालायचा? एआयने तिचा आवाज तयार करून ओठ जुळवून घेतले तर?

रीळ नंबर सात

आवाज तयार करू नका. कायद्याची बाजू आधी. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्यावर अंतरिम मनाई केली. रंजनासारख्या दिवंगत कलाकाराची गोष्ट वेगळी; दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात असे हक्क व्यक्तीबरोबर संपतात असं म्हटलं. पण चित्रपटाचा हक्क निर्मात्याकडे असतो आणि तो प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. ‘चानी’ १९७७ चा, म्हणजे २०३७ संपेपर्यंत. यूट्यूबवर गाण्याचा तुकडा आपोआप पकडला जातो, म्हणून संगीत मूळ क्लिपमधलं वापरू नका आणि ‘कल्पित’ हा शब्द चित्रावरच ठेवा, खालच्या वर्णनात कुणी वाचत नाही.

आता कामाचं. दुसऱ्या कुणा मुलीचा खरा आवाज घ्या आणि ओठ शब्दांनी जुळवा. मराठीत प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, बाकी व्यंजनांना नाही. क्लिप आवाज बंद करून फ्रेम-फ्रेम बघा आणि ओठ मिटण्याच्या जागा कागदावर खुणांनी मांडा. समजा पहिल्या शब्दात ओठ दोनदा मिटतायत. तिथे ‘मामा’ बसेल, ‘पोपट’ बसेल, ‘भीमा’ बसेल. ‘काका’ ठेवलंत तर ओठ मिटून ‘का’ ऐकू येतो आणि बघणाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही तरी खटकतं. थकबाकीच्या यादीचा फायदा हाच की नावं तुमच्या हातात आहेत. ओठ मिटतात तिथे पवार, मोरे, भोसले, माने; उघडे राहतात तिथे जाधव, साळुंखे, निकाळजे. दोन फ्रेमपर्यंतची चूक खपते, तिसरी दिसते. सलग तीन नावांपुढे चेहरा दाखवू नका. चौथ्याला वहीवर किंवा ताटावर कापा, आवाज तसाच चालू ठेवा, आणि एकविसाव्या नावाला परत चेहऱ्यावर या. तिथे ती गप्पच आहे, ओठ जुळवायचा प्रश्न नाही.

गॅलरीतून

वर्ल्ड कपचा शेवट सगळेच करतात. करायचाच तर एवढं बघा की दीड वर्ष पगार नसलेल्या घरातून टीव्ही कधीच विकला गेलेला आहे. भांडी, मंगळसूत्र, टीव्ही. कुठे आधी कुठे नंतर. तेव्हा चाळीत ज्याच्याकडे अजून आहे त्याच्या दारात सगळी चाळ दाटणार, आणि तो टीव्ही कृष्णधवलच ठेवा. त्या घरात कोण जात नाही आणि का, हे वहीवाल्या मुलीला माहीत असतं. मागून रंगीत उजेड पडताना दाखवू नका, कृष्णधवल टीव्हीचा भिंतीवर पडतो तो निळसर.

तिसरी घंटा

आणि त्या दारात रंजनाला पुढच्या रांगेत बसवू नका. ती मागे, ताटं घासताना ऐकतेय. हातांचा तो पाचवा फोटो इथे लागेल.